वीस आकड्यांची भिंत

९ डिसेंबर २०२५, मंगळवार

यार्डातलं काम सुटून आज पंधरा दिवस झाले. सहा वर्षं मी रोज आठ तास कंटेनरचे नंबर टाईप केले. आता गेटवरचे कॅमेरेच नंबर वाचतात, म्हणून आम्हा चौघींना सुट्टी. घरी बसले की अंगाला मुंग्या येतात. म्हणून बाबांच्या दुकानात जायला लागले, आणि दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा हात रिकामा राहतो, म्हणून ही वही.

दुकान म्हणजे बंदराच्या रस्त्यावरचं 'गुणाजी आर्ट्स'. बाबा चाळीस वर्षं ट्रकवर, होड्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं काढतात. फ्लेक्स आल्यापासून निम्मं काम गेलं. मी ठरवलंय की धंदा पुन्हा उभा करायचा. अक्षरं मी लॅपटॉपवर आखणार, कागदावर छापून त्याला बारीक भोकं पाडणार. बाबांनी कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवायची आणि उमटलेल्या ठिपक्यांवर ब्रश चालवायचा. आखणी माझी, हात त्यांचा.

आज पहिलं मोठं काम आलं. शाळेतल्या प्राप्ती मॅडम आल्या होत्या. वर्षाच्या करारावर गणित शिकवतात, अठ्ठावीस-तीस वर्षांच्या असतील. २२ तारखेला गणित दिन आहे, त्यासाठी मैदानासमोरच्या लांब भिंतीवर एक संख्या रंगवायची आहे. एकच. वीस आकडी.

"एक ते दहा मोजायचं आणि मग नऊपासून एकपर्यंत उतरायचं. सगळं सलग लिहायचं, की झाली संख्या," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. खाली ओळ हवी आहे: 'ही मूळ संख्या आहे.'

मूळ म्हणजे काय ते मी विसरले होते. जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही ती. सात, अकरा, तेरा अशा. मॅडम म्हणाल्या, "गंमत बघा अमिषाताई. यातलं दहा काढून टाकलं, नऊपर्यंत चढून लगेच आठवर उतरलं, तर ती संख्या म्हणजे नऊ वेळा एक लिहून त्याचा केलेला वर्ग. लगेच फुटते. मधे दहा घातलं की कुठूनच फुटत नाही."

बोलताना त्यांचा चेहरा कुणी जवळच्या माणसाचं कौतुक करावं तसा झाला होता. मला हसू आलं. पण त्या गेल्यावर मी चिठ्ठी पुन्हा दोनदा पाहिली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

भिंतीची आखणी केली. प्रत्येक आकडा दोन फूट रुंद. आकडे टाकायला मला दहा सेकंदही लागले नाहीत. कळफलकाच्या वरच्या ओळीवर बोटं आपोआप धावतात, चिठ्ठीकडे बघावंही लागलं नाही. यार्डात सगळ्यांत वेगवान मीच होते. सहा वर्षांत माझ्या नावावर एकही चुकीचा नंबर गेला नाही. तिथे सोय अशी की कंटेनरचा शेवटचा आकडा आधीच्या सगळ्यांवरून ठरतो. दोन आकडे उलटे पडले तर हिशोब जुळत नाही आणि स्क्रीन लाल होते. लाल झाली की पुन्हा टाकायचं. लाल तर रोजच व्हायची, पण बाहेर गेला तो नंबर बरोबरच गेला.

भोकं पाडून बोटं दुखली. बाबा कौतुकाने कागद उलगडून बघत बसले.

१६ डिसेंबर, मंगळवार

कालपासून भिंत चालू. ऊन कडक. मला शिडीखाली उभं राहायचा कंटाळा येतो. सारखं वाटतं, दुसरीकडे कुठे काहीतरी चाललंय आणि मी इथे डबा धरून उभी आहे.

बाबांच्या रेघेला दोन वर्षांपासून थरथर आहे. ट्रकची पाटी असली की ते जेवायला बसल्यावर मी कडा सारख्या करते; यार्डात होते तेव्हाही सुट्टीच्या दिवशी करायचे. भिंतीवर ते जमत नाही. सहाचं पोट ओघळलंय, पाचाची शेपटी भलतीकडे गेली आहे. त्यांनी विचारलं, "बरा झाला काय गो?" मी म्हटलं, "फर्स्टक्लास."

मधेच शिडीवरून म्हणाले, "अमे, नवाच्या पुढं शून्य कसं गो?" मी म्हटलं, "बाबा, कागदावर आहे तसं काढा ना. हा काय ट्रक आहे का, आपल्या मनाने लिहायला?" त्यांनी पुन्हा ब्रश डब्यात बुडवला. उन्हाने माझं डोकं दुखत होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

भिंत पूर्ण झाली. निळा रंग, पिवळी कड. रस्त्यावरून जाणारे ट्रेलरवाले वेग कमी करून वाचतात. मॅडम मैदानात उभ्या राहून बघतच राहिल्या.

शेजारच्या यार्डात जागा निघाली आहे असं कळलं. अर्ज भरून ठेवला. पाठवला नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

आज शाळेत जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

संस्थेचे अध्यक्ष धर्माजीशेठ पाहुणे होते. तरुणपणी मिठागरात गोणी मोजायचे, आता बारा ट्रेलर आहेत. मॅडमनी मुलांना संख्येबद्दल सांगितलं. मग शेठ उठले आणि भाषण करायचं सोडून फळ्याजवळ गेले.

"मॅडम, मी सातवी शिकलोय. पण भागाकार मना येतो. करून बघू काय?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या, म्हणाल्या, "जरूर करा."

भिंतीकडे बघत शेठनी वीस आकडे फळ्यावर उतरवले. आधी आकड्यांची बेरीज केली, एक्याण्णव आली. "तीनानं जात न्हाय." मग सातने भागायला घेतलं. मोठ्याने बोलत, एकेक आकडा खाली घेत. बारातून सात, राहिले पाच. त्रेपन्नात साती साती एकोणपन्नास. मुलंही त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. शेवटी एकवीस राहिले. "साती त्रिक एकवीस. बाकी शून्य."

मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मग त्या मधेच थांबल्या, कारण मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. शेठ खडू ठेवून म्हणाले, "ही मूळ संख्या? मग पोरांना तुम्ही वर्षभर काय शिकवता?"

मॅडम एवढंच म्हणाल्या, "माझं कुठे चुकलं ते तपासून सांगते."

खरं लिहायचं तर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. भिंत चांगली झाली होती. चूक गणिताची होती, आमची नव्हती. बाबा मात्र घरी येताच चहा न घेता आत गेले.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मॅडम दारात. हातात भिंतीचा फोटो. त्यांनी दिलेली चिठ्ठी मी खिळ्यावरून काढून दिली. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले.

"नऊनंतर दहा हवे होते. एक आणि मग शून्य. भिंतीवर शून्य आणि मग एक झालंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चार दिवस येता-जाता बघत होते मी. जे असायला हवं तेच दिसत राहिलं."

चिठ्ठी बरोबर होती. म्हणजे ब्रश चुकला. मी बाबांकडे वळले. ते लगेच म्हणाले, "व्हय, माझंच चुकलं असंल. डोळ्यांना धुरकट दिसतंय हल्ली."

"आणि भोकं पाडलेला कागद कुठे आहे?"

"फाडला. चुलीत घातला."

बाबा एरवी वर्तमानपत्राचा कपटाही टाकत नाहीत. डोळ्यांबरोबर डोकंही चाललं की काय, अशी भीती वाटली. मॅडमसमोर मी त्यांना नको तेवढं बोलले. मॅडमच म्हणाल्या, "ताई, असू दे."

२५ डिसेंबर, गुरुवार

मॅडम शेठकडे जाऊन आल्या. शेठचं म्हणणं, पेंटरवर ढकलू नका. शिवाय, नवी संख्या तरी मूळ कशावरून? मॅडम म्हणाल्या, संगणकावर तपासली आहे. शेठ म्हणाले, "म्हंजे तुम्ही न्हाय तपासली." ३ तारखेला समितीची बैठक आहे. मॅडमचा करार तिथेच ठरणार.

मी बाबांना सांगितलं, मोतीबिंदू काढेपर्यंत ब्रश धरायचा नाही. पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्याची तारीख घेतली, १६ जानेवारी. त्यांनी मान हलवली आणि ब्रश धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले. एवढ्या सहज देतील असं वाटलं नव्हतं.

२७ डिसेंबर, शनिवार

बाबा दिवसभर ओटीवर बसून असतात. आई म्हणाली, "तू त्यांना सारखी बोलू नको. त्यांना काय कमी कळतंय?" मी म्हटलं, "कळतंय तर कागद का जाळला?" आई तांदूळ निवडत राहिली.

मला चैन पडेना म्हणून शाळेत गेले. मॅडम एकट्याच वर्गात बसल्या होत्या. मी म्हटलं, मलाही भागून बघू द्या. त्यांनी एक युक्ती शिकवली. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडायचे आणि एक आड एक मिळवत, वजा करत जायचं. खऱ्या संख्येचे गट ३२१, ६५४, ९८७, ९१०, ६७८, ३४५, १२. शेवटी राहतात एकोणनव्वद. एकोणनव्वदला सातने भाग जात नाही, अकराने नाही, तेरानेही नाही, म्हणून त्या अख्ख्या संख्येलाही जात नाही. तीन दारं एका किल्लीने तपासून झाली.

भिंतीवरच्या चुकीच्या संख्येला हेच केलं तर अठ्ठ्याण्णव येतात. सात चौदा अठ्ठ्याण्णव, बाकी शून्य. "एवढासा फरक," मॅडम म्हणाल्या. "मधले दोन आकडे जागा बदलतात आणि सात आत शिरतो."

"मग अशीच सगळी दारं तपासू ना. शेठना दाखवू."

त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. साडेतीनशे कोटींपर्यंतची प्रत्येक मूळ संख्या लावून बघावी लागेल. अशा साधारण सतरा कोटी आहेत. मिनिटाला एक भागाकार, न झोपता, तर तीनशेवीस वर्षं.

"मग तुम्हाला खात्री कशी?"

"संगणकाला काही क्षण लागतात. त्याची रीत मी शिकले आहे, ती मला पटते. पण शेठना फळ्यावर हवंय." मग त्या खडूकडे बघत राहिल्या. "आणि त्यांचं सगळंच चूक आहे असंही नाही."

२८ डिसेंबर, रविवार

नेहमीचं गिऱ्हाईक रितेश, त्याच्या ट्रकची पाटी मी एकटीने काढली. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, काका कधीपासून येणार?" मी पाटी पुसून टाकली.

३० डिसेंबर, मंगळवार

दुरुस्तीचे दोन आकडे नव्याने छापायचे म्हणून आज दुपारी लॅपटॉपवरची फाईल उघडली.

१२३४५६७८९०१९८७६५४३२१

फाईल मीच केली होती.

३१ डिसेंबर, बुधवार

कुणाला सांगितलं नाही. फाईल दोनदा पुसायला घेतली, दोन्ही वेळा बोट थांबलं.

कसं झालं ते कळतंय. बोटांना नऊनंतर शून्याची सवय. कळफलकावर नऊच्या शेजारी शून्यच असतं. शून्य पडलं, मग कुठेतरी आठवलं असेल की एकही हवा, तो पुढे पडला आणि बोटं उतरायला लागली. स्क्रीन लाल व्हायला इथे कुणी नव्हतं. सहा वर्षं मी स्वतःला बिनचूक समजत होते.

मग ही वही मागून चाळली. १६ तारखेला मीच लिहून ठेवलंय, बाबांनी विचारलं होतं. आणि त्यांना मी काय उत्तर दिलं तेही.

यार्डाचा अर्ज पाठवून द्यावा असं दिवसभर वाटत राहिलं. इथून निघून जावं.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

सकाळी बाबा परसात नारळ सोलत होते. मी लॅपटॉप घेऊन समोर बसले आणि फाईल दाखवली. त्यांना अक्षरं धड दिसत नव्हती, पण बघायची गरजही पडली नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"शेठनी भागाकार केला तवाच. घरी येऊन कागद बघितला."

"आणि जाळला."

"मग काय दुकानात टांगून ठेवू?"

मी विचारलं, का. ते सोललेला नारळ फिरवत राहिले. "माझी चाळीस वर्षं झाली. लोक बोलले तर काय बोलणार, म्हातारा झाला. तुझी पयलीच भिंत."

"मी तुम्हाला मॅडमसमोर एवढं बोलले."

"व्हय. ते लागलं," ते म्हणाले. "पण मॅडमच्या नोकरीवर येईल असं मना वाटलं नव्हतं. कळलं तवापासून मी बी तोच इचार करतंय. आता सांगावं लागंल."

"मी सांगते."

"तूच सांग. मी बरोबर येतो."

३ जानेवारी, शनिवार

बैठकीला समितीचे पाच जण, मॅडम, मी आणि बाबा. मी फाईलचा छापील कागद आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. ठरवून गेलेलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "आकडा मॅडमचा बरोबर होता. बाबांनी कागदावर होतं तसं काढलं. चूक माझी आहे. बाबांनी विचारलं होतं, मी त्यांना गप्प केलं."

शेठनी कागद चष्म्याजवळ धरला. मग बाबांकडे बघितलं. "गुणाजी, तू तर बोलला व्हतास तुझं चुकलं."

"बोललो व्हतो," बाबा म्हणाले.

शेठ उठून फळ्याजवळ गेले आणि खरी संख्या घेऊन पुन्हा सातने भागायला लागले. या वेळी कुणी बरोबर म्हणत नव्हतं. शेवटी एकसष्ट राहिले. साती आठी छप्पन्न. "बाकी पाच." खडू हातातच ठेवून वळले. "सातानं न्हाय जात. पण मॅडम, बाकीच्या सगळ्या संख्यांचं काय?"

मला वाटलं, आता मॅडम संगणकाचं सांगतील आणि पुन्हा सगळं तिथेच येईल. त्या म्हणाल्या, "शेठ, फळ्यावर मी ते आयुष्यभरात दाखवू शकत नाही. ज्या रीतीने कळतं ती शिकायची असेल तर मी शिकवेन, दोन-तीन महिने लागतील. आणि तुम्हाला एक जरी भाजक सापडला, तर मी त्या दिवशी राजीनामा देईन."

शेठनी फळ्यावरचे ते वीस आकडे खडूने पुन्हा मोजले. मग म्हणाले, "राजीनामा नको. भिंतीवर लिवा. हिला भाग जाणारी संख्या सापडल्यास शाळेत कळवावे."

मॅडम मनापासून हसल्या. २२ तारखेनंतर पहिल्यांदाच. करार शाळेच्या वर्षअखेरपर्यंत चालू राहणार, पुढचं एप्रिलमध्ये बघू म्हणाले. पक्कं काहीच नाही. पण बाहेर पडताना शेठनी मॅडमना विचारलं, मी बोलण्याच्या ओघात सांगितलेली ती तीन-तीनचे गट पाडायची युक्ती काय आहे.

५ जानेवारी, सोमवार

शून्य आणि एक पुसून एक आणि शून्य काढले. बाबांनी ब्रश घ्यायला नकार दिला. "चूक तुझी, आकडे बी तुझे." माझे दोन्ही वाकडे आले. खालची ओळही मीच लिहिली. बाबा डोळे बारीक करून म्हणाले, "छान दिसतंय."

१२ जानेवारी, सोमवार

शेठ रोज संध्याकाळी वही घेऊन शाळेत येतात असं मॅडमनी सांगितलं. दोनशे अकरापर्यंत पोहोचले आहेत. एक ट्रेलरवाला भाजक सापडला म्हणून धावत आला होता, त्याची वजाबाकी चुकली होती.

शेजारच्या यार्डातल्या ओळखीच्या बाईचा फोन आला, अर्ज का नाही पाठवला. मी म्हटलं, दोन दिवस द्या. दोन दिवस कशासाठी मागितले ते मलाही माहीत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. आज काळा चष्मा लावून पहिल्यांदा घराबाहेर पडले. तपासणीहून परतताना रिक्षा शाळेसमोर आली तेव्हा त्यांनी थांबवायला सांगितली.

मैदान ओलांडून भिंतीसमोर उभे राहिले. चष्मा काढला. माझे मधले दोन आकडे बघून म्हणाले, "हे तर लईच वाकडं हायेत."

मी म्हटलं, "हो."

मग त्यांची नजर डावीकडे गेली. एकापासून सुरू करून ते भिंतीच्या कडेने चालत राहिले, एकेका आकड्यापुढे थांबत. सहाच्या पोटावर त्यांनी हात ठेवला. पाचाच्या शेपटीपाशी बराच वेळ उभे होते. दुसऱ्या टोकाला जाऊन परत आले.

"हे मी काढलं?"

मी मान हलवली.

"तुला दिसत व्हतं?"

"हो."

"कवापासनं?"

"दोन वर्षं झाली. ट्रकवरचं मी नंतर सारखं करायचे."

ते पायरीवर बसले. मीही बसले. रिक्षावाल्याने एकदा हॉर्न वाजवला आणि मग इंजिन बंद करून टाकलं. मला वाटलं, आता चिडतील, किंवा उठून जातील. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"सोमवारी झेंडावंदन हाय. सगळा गाव येणार. उद्या सकाळी पांढरा मारून सगळी पुन्हा काढू. वीसच्या वीस."

"डॉक्टरांनी सांगितलंय, शिडी नाही, धूळ नाही."

"शिडीवर तू चढ. मी खालून बघतो आणि सांगतो. आता दिसतंय मना."

यार्डात फोन करून नाही म्हणून सांगितलं. तिकडची बाई विचारत होती, दुसरीकडे लागलीस का? मी म्हटलं, हो.

संध्याकाळी बाबांनी स्वतः पांढरा रंग कालवला. मी जवळ गेले तर डब्यातून काठी वर काढून माझ्यापुढे धरली. "पातळ झालाय काय बघ. खरं सांग."

पातळ झाला होता. मी सांगितलं.